झोपेची ड्यूटी

आमच्या धंद्यात कुठल्या कामासाठी माणूस बोलवावा लागेल याचा नेम नसतो. जाहिरातींची गाणी करायचे तेव्हा मी नुसतं खोकण्यासाठी एकाला बोलवलं होतं, आणि त्याचं खोकणं पसंत पडेना म्हणून दुसऱ्याला. पण झोपण्यासाठी माणूस मी आयुष्यात एकदाच बोलवला. तो सकाळी आठ वाजता यायचा, चपला दाराशी काढायचा, सोफ्यावर आडवा व्हायचा आणि त्याचं काम सुरू व्हायचं. त्या कामावर एक अख्खा रॅपर उभा राहिला.

रॅपर म्हणजे त्याचाच मुलगा. त्याला लोक आज ‘कुजबुज’ म्हणून ओळखतात. हे नाव कंपनीनं ठेवलं. त्याचं खरं नाव आता बँक आणि बाप सोडून कुणी वापरत नाही.

आमचा स्टुडिओ एका दातांच्या दवाखान्याच्या खाली आहे. भिंतींना आणि छताला आवाज शोषणारे जाड थर लावलेत, तरी वर कुणाची अक्कलदाढ निघत असली की आम्हाला खाली कळतं. मी आवाज बघते, ठोक्या ताल बघतो, आणि चूक कुणाची हे आम्ही दोघं मिळून बघतो. ठोक्या पूर्वी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचा. पंधरा वर्षं आम्ही एकत्र आहोत. एवढी वर्षं माझा नवराही टिकला नाही.

मुलानं पहिलं गाणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं होतं. दुपारी दोन वाजता, घरात, अंगावर पांघरूण घेऊन. आवाज असा, की कानाशी लागून कुणी चहाडी करतंय. मी चहाचा कप खाली ठेवला. मी चहा संपल्याशिवाय कप सहसा खाली ठेवत नाही. ठोक्या म्हणाला, “ताई, याला बोलवा. आणि कुणाला सांगू नका.”

तो आला. चोवीस वर्षांचा, काडीसारखा, कुरिअरची पाकिटं वाटणारा. भिंतीला बोट लावून त्यानं विचारलं, “इथला आवाज बाहेर जात नाही?”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात.”

त्याचा चेहरा असा फुलला की पुढे काय होणार ते मला कळलं. झालंही तसंच. माइकसमोर उभा राहिला आणि जो ओरडायला लागला, तो थांबेना. जन्मात पहिल्यांदा मोकळा आवाज काढायला मिळालेला माणूस तो. आणि ओरडणारे रॅपर तर बाजारात पैशाला पासरी मिळतात.

मग आम्ही उपाय सुरू केले. दिवे घालवले. वर दवाखान्यात पेशंट आहेत, त्यांची दया कर म्हणून सांगितलं. माइक तोंडात जाईल इतका जवळ नेला. शेवटी ठोक्या सोफ्यावर आडवा झाला आणि घोरायचं नाटक करू लागला. त्यानं फक्त मुलाला हसू आलं. चार दिवस असे गेले आणि माझ्या नाकी नऊ आले. पाचव्या दिवशी मी कंटाळून विचारलं, “घरी मग हळू का म्हणत होतास?”

“बाबा झोपलेले असतात,” तो म्हणाला. “त्यांची रात्रपाळी.”

त्याचे वडील काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात होते. तीस वर्षं रात्रपाळी. पट्ट्यावरून दिव्यासमोरून बाटल्या सरकत जातात, आणि त्यातली तडा गेलेली बाटली बघायची आणि उचलायची. दिवसा ते घरी झोपायचे. दोन खोल्यांचं घर, मध्ये एक दार. मूल रांगायला लागल्यापासून आईनं त्याला एकच वाक्य हजारदा ऐकवलं, “हळू, बाबा झोपलेत.” हा सतरा वर्षांचा असताना आई गेली. वाक्य मात्र घरातच राहिलं. बापलेक तेच पाळत होते. एक घरी यायचा तेव्हा दुसरा निघालेला असायचा, आणि मध्ये दोघांचं बोलणं “जेवलास?” आणि “हो” एवढंच.

मी फोन केला. ते फोन उचलत नाहीत, मुलगा म्हणाला. म्हणून मी सकाळी सात वाजता कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. बुटका, रुंद माणूस, डोळे लाल. मी माझी विनंती सांगितली. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती, पण त्यांनी माझ्या तोंडावरून नजर हलवली नाही. इतकं मन लावून माझं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

“नुसतं झोपायचं?” त्यांनी विचारलं.

“नुसतं झोपायचं.”

“पंखा आहे?”

“एसी आहे.”

“येतो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सोफा माइकपासून पाच हातांवर सरकवला. बाबा आले, कुशीवर वळले आणि दोन मिनिटांत झोपले. घोरणं नाही, काही नाही. देवानं स्टुडिओसाठीच घडवलेला माणूस. मुलानं एकदा सोफ्याकडे पाहिलं, त्याचे खांदे उतरले, आणि आवाज आपोआप खाली आला.

*उठू नका, बाबा, मी हळूच बोलतो,*
*पास झालो, दाराआड हळूच डोलतो.*
*उशाशी तुमच्या ठेवला निकाल दुमडून,*
*त्यावर चहाचा कप ठेवून तुम्ही गेलात निघून.*

काचेच्या या बाजूला ठोक्यानं आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळलं. एका दमात गाणं झालं. बाबा झोपेतच होते.

मग कंपनी आली. कंपनीचा माणूस नेहमी उभाच राहायचा, बसला की कुणीतरी प्रश्न विचारेल अशी त्याला भीती असावी. त्यानं नाव दिलं. त्यानं सांगितलं की पोराच्या तोंडावर काळं फडकं बांधा, नाकापासून हनुवटीपर्यंत. तोंड झाकलं की माणूस गूढ वाटतो. गाण्याचे शब्द कुठंही छापायचे नाहीत, कारण जे नीट कळत नाही ते लोक पुन्हा ऐकतात. आणि गाणं तीन मिनिटांच्या आत बसवा, दुसरं कडवं उडवा, ते फार दुःखी आहे.

दुसरं कडवं मी उडवलं. सांगितलं कंपनीनं, पण कात्री माझ्या हातात होती. आणि जोड इतका सफाईदार बसला की मी ठोक्याला दोनदा ऐकवला. मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “ताई, तुम्हाला कळतं त्यातलं.” त्यानं हातानं लिहिलेला मूळ कागद मी खणात टाकला.

‘उठू नका’ दोन महिन्यांत सगळीकडे झालं. बसमध्ये, सलूनमध्ये, दवाखान्यात वर, आमच्या डोक्यावर. शाळांतून तक्रारी आल्या की मुलं आता दंगा करत नाहीत, कुजबुजतात, आणि त्याचा जास्त त्रास होतो. कंपनीनं आठ गाण्यांच्या अल्बमची तारीख जाहीर केली. बाबा रोज आठला येऊ लागले. हजेरीच्या वहीत ठोक्यानं त्यांच्या नावापुढे ‘झोप’ असं लिहिलं आणि ते रोज तिथे सही करायचे.

एकदा चहा पिताना त्यांनी मला विचारलं, “ते तोंडावरचं फडकं कुणी सुचवलं?”

“कंपनीनं.”

“हं,” ते म्हणाले. “टीव्हीवर बघतो मी त्याला. फडक्यामुळे काही कळत नाही.”

म्हाताऱ्या माणसांना मुलांचे कपडे आवडत नसतात. मी तेवढंच समजले. काखेत कळसा होता, आणि आवाजाच्या धंद्यात तीस वर्षं घालवलेली मी बाई तो गावभर शोधतही नव्हते.

सहाव्या गाण्याच्या वेळी बाबा निवृत्त झाले. आता ते रात्री झोपायचे, माणसासारखे. सकाळी आठला झोप कुठून येणार? पण सवयीनं यायचे, सोफ्यावर पडायचे, डोळे मिटायचे. मुलानं पान उलटायला पाठ फिरवली की डोळे उघडायचे आणि छताकडे बघत राहायचे. काचेतून मला दिसायचं. मी मूग गिळून बसले. मुलाचा आवाज खाली होता, मला तेवढ्याशी मतलब.

सातव्या गाण्याच्या दिवशी ठोक्याच्या हातून झांजेचा स्टँड पडला. लोखंडी स्टँड, वर पितळी झांज, खाली फरशी, आणि जागा बाबांच्या डोक्यापासून दोन हातांवर. मुलगा दचकून माइकला धडकला. वरचं ड्रिल थांबलं. मी काचेच्या पलीकडे असूनही उडाले. बाबा उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होते. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

मुलगा झांज उचलायला वाकला होता, त्यानं ते पाहिलं नाही. मी पाहिलं.

दुपारी मुलाला कंपनीनं फोटोसाठी नेलं तेव्हा मी बाबांच्या समोर खुर्ची घेऊन बसले. तोंडावर हात ठेवला आणि हाताआडून विचारलं, “बाबा, चहा घेणार?” ते माझ्याकडे बघत राहिले. मी हात काढला आणि पुन्हा विचारलं.

“घेतो,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “कळलं वाटतं तुम्हाला.”

बाटल्यांच्या खणखणाटानं कान गेले होते. दहा-बारा वर्षं झाली, हळूहळू, आधी उजवा, मग डावा. कारखान्यात दरवर्षी कान तपासायचे. नापास झाला की पट्ट्यावरून काढून आवारात झाडलोटीला पाठवायचे. बाबा एकदाही नापास झाले नाहीत. कानात भोंगा वाजला की हात वर करायचा असतो, आणि तपासणारा बटण दाबताना त्याचा खांदा हलतो. “तीस वर्षं तडे बघितलेत मी,” ते म्हणाले. “खांदा म्हणजे काय मोठी गोष्ट आहे?” लोकांचं बोलणं ते ओठांवरून वाचायचे. घरी बायको होती तेव्हा तिचे ओठ पाठच होते. मुलगा मात्र लहानपणापासून त्यांच्यासमोर खाली मान घालून बोलायचा.

“त्याला माहीत नाही?”

“नाही. आणि सांगू नका.” त्यांनी सोफ्यावर हात थोपटला. “मी झोपतो म्हणून त्याचं चाललंय ना?”

मी हो म्हटलं. एक गाणं उरलं होतं, तारीख जाहीर होती. मला तेच हवं होतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं, पण तेव्हा वाटलं नाही.

“एक काम करा,” ते म्हणाले. “तो काय म्हणतो ते मला लिहून द्या. बाजारात मी विचारलं, मिळत नाही म्हणाले. सगळ्या जगानं ऐकलंय. दूधवाला मला बघून मान हलवतो, का हलवतो मला कळत नाही.”

मी खण उघडला. आत दोन कागद होते. एक मी टाइप केलेला, तीन मिनिटांत बसणारा. दुसरा मुलाच्या हातचा. पहिला देऊन मोकळी होऊ शकले असते. दूधवाल्याचं कोडं सुटलं असतं, अल्बम वेळेवर निघाला असता, आणि एका वयस्कर माणसाला रात्री झोप लागली असती. मी बराच वेळ खणात हात घालून उभी होते. एकदा कात्री चालवली होती, बापासमोर पुन्हा चालवायची हिंमत झाली नाही. मी दुसरा दिला.

बाबांनी चष्मा लावला. बाटल्या बघायचे तसाच कागद दिव्यासमोर धरला. पहिलं कडवं संपलं तेव्हा म्हणाले, “तो निकाल होता? मला वाटलं, रद्दी आहे.” मग दुसऱ्या कडव्यावर आले. ते मला पाठ आहे.

*तीन हाका मारल्या, बाबा, दार नुसतं लोटलेलं,*
*मांडीवर आईचं डोकं, दूध गॅसवर आटलेलं.*
*चौथी हाक गिळली मी, ड्यूटी तुमची रात्रीची,*
*तुम्ही उठायचे नाहीत, गोष्ट होती खात्रीची.*

ते चार ओळींवर फार वेळ होते. वर कुणाचा तरी दात कोरत होते.

“तीन हाका?” ते म्हणाले.

“त्यानं लिहिलंय तसं.”

“मला शेजाऱ्यानं हलवून उठवलं. तोवर संपलं होतं.” त्यांनी चष्मा काढला. “सात वर्षं मी मनात धरून बसलोय, की पोरानं मला उठवलंच नाही. बापाची झोप एवढी मोठी वाटली त्याला. विचारलं नाही मी कधी.”

“त्यानंही विचारलं नाही,” मी म्हणाले.

“नाही ना,” ते म्हणाले, आणि कागद चार घड्या करून खिशात ठेवला. मी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठवं गाणं होतं. बाबा आठला आले, चपला काढल्या, वहीत सही केली, सोफ्यावर पडले, डोळे मिटले. मी सुटकेचा श्वास सोडला. ठोक्यानं ताल लावला. मुलानं कानाला हेडफोन लावले, सोफ्याकडे पाहिलं, खांदे उतरले, आणि दोन ओळी नेहमीसारख्या आल्या, लोण्यासारख्या.

तिसऱ्या ओळीला बाबा उठून बसले.

मुलगा थांबला. घाबरून म्हणाला, “मोठा झाला का आवाज? सॉरी, बाबा. झोपा तुम्ही.” तेही कुजबुजत.

“मोठ्यानं बोल,” बाबा म्हणाले.

“अं?”

“मला ऐकू येत नाही. दहा-बारा वर्षं झाली. बाटल्यांनी गेलेत कान. ती माइकपुढची जाळी बाजूला कर, तुझं तोंड दिसू दे.”

मुलानं जाळी बाजूला केली. हात यंत्रासारखा हलला. बाबांनी खिशातून कागद काढला, उलगडला आणि त्यावर बोट ठेवलं. “तीन हाका मारल्यास ना? मला एकही ऐकू आली नाही. आली असती तर मी उठलो नसतो का? एवढं तरी वाटायला हवं होतं तुला.”

ताल एकटाच वाजत होता आणि ठोक्याला तो बंद करायचं भान नव्हतं. मग मुलगा सोफ्यासमोर जाऊन उभा राहिला, अगदी समोर, मान वर करून, आणि त्यानं हाक मारली.

“बाबा.”

इतक्या मोठ्यानं, की मीटरच्या सगळ्या पट्ट्या लाल झाल्या. असं झालं की मी ताबडतोब रेकॉर्डिंग बंद करते, यंत्राला बरं नसतं. मी बंद केलं नाही.

“बोल,” बाबा म्हणाले.

आठवं गाणं त्यातून निघालं नाही. ते मी आधीच्या सात गाण्यांतले शब्द तोडून, उरलेले अर्धवट सूर जोडून नऊ दिवसांत तयार केलं. अल्बम वेळेवर आला. आठव्या गाण्यात कलाकार स्वतःच्या सर्वांत जवळ पोचला आहे, असं एका समीक्षकानं लिहिलं. मुलाची कुजबुज मात्र परत आली नाही. आता तो ओरडतो, फडकं न बांधता, छोट्या हॉलमध्ये, आणि खरं सांगायचं तर बरा ओरडतो, यापलीकडे काही नाही. कंपनी दुसरा कुजबुजणारा शोधतेय. माझ्याकडे रोज कुणीतरी पांघरुणातून रेकॉर्ड केलेलं पाठवतं. मी घरी कोण झोपलेलं असतं ते आता विचारत नाही.

त्या सकाळचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ते कामाचं नाही. अर्ध्यात आवाज फाटलेला आहे, मागे नुसता ताल चालू आहे, आणि पुढची वीस मिनिटं एक मुलगा सात वर्षांचं सगळं ओरडून सांगतोय नि मध्येमध्ये एक माणूस “पुन्हा सांग” म्हणतोय. शेवटी दारावर थाप ऐकू येते. वरच्या दवाखान्यातल्या बाई खाली आलेल्या असतात.

“काय म्हणतायत त्या?” बाबा विचारतात.

“आवाज कमी करा म्हणतायत,” मुलगा ओरडून सांगतो.

“आणि तू?”

“मी नाही करत.”

“हं,” बाबा म्हणतात. “पुढे सांग.”